सीची रेघ

मेहुणी थेल्मा आठ दिवस राहायला येणार हे कळलं आणि रसेलला खोकला सुरू झाला. नुसत्या फ्लूने भागणार नव्हतं; फ्लू झालेल्याला बायको ग्लेनिस सूप पाजून टेबलावर सगळ्यांत बसवते. म्हणून त्याने चाचणीचं किटच तिच्यापुढे नाचवलं. "सीसमोर रेघ आलीय गं! सी म्हणजे कोरोना. मी आपला मागच्या शेडमध्ये राहतो."

शेडमध्ये टीव्ही होता, बियरचा फ्रिजही होता.

ग्लेनिस औषधाच्या दुकानात कामाला. "सीची रेघ सगळ्यांनाच येते, किट चालतंय एवढंच ती सांगते," हे रोज वीस गिऱ्हाइकांना समजावून तिचा घसा बसतो. नवऱ्याला मात्र तिने मुकाट्याने उशी नेऊन दिली.

शनिवारी मेलबर्नला फुटीची, म्हणजे तिथल्या फुटबॉलची, फायनल. दोघांची तिकिटं मारामार करून मिळवलेली. सकाळीच रसेल संघाचा मफलर गुंडाळून, ठणठणीत होऊन दारात हजर.

"थांब, आधी तपासू." ग्लेनिसने नवं किट उघडलं, पंधरा मिनिटं मन लावून बघितलं. "अरेरे, सी अजून आहेच की रे! तू शेडमध्ये बघ मॅच. तुझ्या तिकिटावर थेल्माला नेते."