अडलेला काटा

काटा हलला नाही.

प्रिस्काने चपला काढल्या. डोक्याचा रुमाल सोडला. गळ्यातला क्रूस काढून टेबलावर ठेवला आणि पुन्हा वजनकाट्यावर चढली. पंच्याऐंशी. मागच्या खेपेला पंच्याऐंशी, त्याआधीही पंच्याऐंशीच.

"मावशी, होतं असं," आहार सांगणारी मुलगी म्हणाली. "आधी भराभर उतरतं, मग अंग अडून बसतं. भाजी नुसती पाण्यात उकडलेलीच खाता ना?"

"पाणी आणि मीठ. लेकीच्या हातचं. दुसरं काही तोंडात गेलं असेल तर जीभ झडो माझी."

"मग चालणं वाढवा. सपाटीवर नको, चढावर. ऐंशीला आलात की डॉक्टर तारीख देतील. तोवर तुम्हाला ऑपरेशनला घ्यायचं नाही म्हणतात, तुमच्याच जिवाला धोका."

प्रिस्काने क्रूस पुन्हा गळ्यात घातला. लेकीच्या, अदोयोच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. तिचा नवरा मोम्बासाला गेला तो गेलाच. तपासण्यांमध्ये किडनी जुळली ती एकट्या आईची. आणि ती द्यायला आईच्या अंगावरचं पाच किलो मांस आड येत होतं.

दुसऱ्या दिवसापासून ती उजाडायच्या आत सरोवरावर जायची. डोक्यावर पाण्याचा डबा घेऊन चढ चढायची, वर पाणी ओतायची आणि पुन्हा खाली उतरायची. शेजारीण, सेमे गावची म्हणून सगळे तिला सेमेवालीच म्हणत, गाईची धार काढता काढता हसायची.

"अगं प्रिस्का, दुसरं लग्नबिग्न करतेस की काय? भरल्या अंगाची बाई तू, तुझ्या घराकडे बघून लोकांना वाटायचं कणगी भरलेली आहे. आता काय झाडू होणार का?"

"झाडू झाले तर तुझंच अंगण झाडीन. हस, हस."

संध्याकाळी अदोयो चुलीपाशी बसायची. डायलिसिसहून आली की तिच्याच्याने उभं राहवत नसे, तरी भाजीला ती कुणाला हात लावू देत नव्हती. "तू माझ्यासाठी डोंगर चढतेस, मला एवढं तरी करू दे," म्हणायची. मक्याच्या पिठाचा मूठभर गोळा आणि वाडगाभर ओसुगा. ती पालेभाजी मुळातली कडू. सासूच्या हाताखाली शिकल्यापासून प्रिस्काने ती दुधा-सायीशिवाय कधी शिजवलीच नव्हती. नुसत्या पाण्यातली कशी लागते, हे तिला ठाऊकच नव्हतं. पहिल्या दिवशी तिने डोळे मिटून घास घेतला होता. तशी काही कडू लागली नाही.

"दोनदा पाणी ओतून काढते मी," अदोयो म्हणाली होती. "कडूपणा पाण्याबरोबर जातो."

आई जेवायची आणि लेक तिच्या तोंडाकडे बघत बसायची. अदोयोची चार वर्षांची पोर, अकिनी, तिच्या मांडीवर पेंगायची.

"आई, बाबा आठवतात? पोटाच्या ऑपरेशनला चालत गेले होते."

"आठवतात."

"झाकून आणले. दोघी एकदम आडव्या पडल्यावर हिला कोण गं? एकीने तरी उभं राहायला हवं."

"मी उभीच आहे. आणि तुलाही उभी करणार आहे. वाढ अजून थोडी, पाण्याच्या भाजीने काय अंग वाढतंय!"

अदोयोने वाढली. वाडगा काठोकाठ भरला.

काटा पंच्याऐंशीवरच राहिला. प्रिस्काने मक्याचा गोळा निम्मा केला, मग सोडूनच दिला. नुसत्या भाजीवर राहिली. वजनकाट्यावर उभी राहून ती स्वतःच्या पोटाला शिव्या द्यायची, मेल्या, माझ्या पोरीला खाशील, म्हणायची. आहारवाल्या मुलीलाही काही सांगायला उरलं नव्हतं.

मोठा पाऊस सुरू व्हायच्या आत अदोयो गेली.

माती झाली. रडायला आलेले लोक आपापल्या गावी गेले. प्रिस्काने वजनाचा विषय काढला नाही, कुणी काढलाही नाही. पण पहाटे पाय आपोआप चढाकडे वळायचे. तेव्हा ती दारातच बसून राहायची आणि दोन्ही हातांनी पोटाची वळी धरून ठेवायची.

एके दिवशी अकिनी हटून बसली. तिला आईसारखी ओसुगा हवी होती. प्रिस्काने पाला खुडला. उकडला. दोनदा पाणी ओतून काढलं, मीठ घातलं. पोरीने घास तोंडात घेतला आणि थुंकून टाकला.

"ही आईची नाही."

प्रिस्काने चाखून पाहिली. कडूजहर. तिने पाणी बदलून पुन्हा उकडली, तिसऱ्यांदा ओतून काढली. तरी कडूच. तिला वाटलं, पाला जून झाला असेल. अकिनीला कडेवर घेऊन ती कुंपणापाशी गेली.

"सेमेवाली, यंदा ओसुगाला झालंय काय? तोंडात धरवत नाही."

"तिला काय होतंय! साय घातल्याशिवाय ती गोड लागेल होय? म्हातारी झालीस, विसरलीस की काय?" सेमेवालीने हसता हसता तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिचा आवाज खाली आला. "तुझी अदोयो रोज संध्याकाळी न्यायची ना माझ्याकडून. वाटीभर, घट्ट. आईला सांगू नका म्हणायची. मी म्हटलं, आजारी पोर, तोंडाला चव नसेल, खाऊ दे. स्वतःसाठीच न्यायची ना गं?"

प्रिस्का कुंपणाचा खांब धरून उभी राहिली. रोजचा वाडगा तिच्या डोळ्यांपुढे आला, काठोकाठ भरलेला. आपल्या प्रत्येक घासाबरोबर गिळल्यासारखा हलणारा अदोयोचा गळा आला. कडेवरच्या अकिनीने तिच्या मानेत तोंड खुपसलं.

"नाही," प्रिस्का म्हणाली. "हिच्यासाठी."