नवसाचा कोंबडा

कोंबडा पुन्हा बाहेर होता, आणि या वेळी तर थेट नत्थूजीच्या पाजणीत जाऊन उभा राहिला होता.

त्या कोष्ट्यांच्या गल्लीत सकाळ म्हणजे पाजणीची वेळ. लांबच लांब ताणा बांधायचा, कुंच्याने त्याला खळ लावायची आणि ती सुकायच्या आत सूत नीट करून घ्यायचं. खळ म्हणजे शेवटी भाताची पेजच, त्यामुळे कोंबड्यांची चंगळ. एक चोच बसली की सूत तुटलंच. नत्थूजी खराटा घेऊन धावला आणि कोंबड्याचे मालक बाबनराव त्याच्या मागे.

"आता सांगून राहिलो, बाबनराव," नत्थूजी धापा टाकत म्हणाला. "पुढच्या बारीले हा इथं दिसला, तं मान मुरगाळतो त्याची. नवसाचा असो का कशाचा."

बाबनरावांनी कोंबडा छातीशी धरला. हा कोंबडा मातामायला, गावच्या देवीला, कबूल केलेला होता. तो दुसऱ्याच्या हातून मेला तर मायचा कोप ठरलेला, आणि तो कोणावर होणार तेही ठरलेलं.

केशव, त्यांचा एकुलता एक मुलगा, खापरखेड्याला वीज केंद्रात लागला होता. मंगळवारी तो निघणार होता. आयुष्यभर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेल्या बाबनरावांचे डोळे आता पंधरा-पंधरा मिनिटांनी पाण्याने भरायचे. पोरगा त्या खड्ड्यातून सुटला, एवढं एकच चांगलं त्यांच्या हयातीत घडलं होतं.

आणि ते घडलं कसं, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. केशव मुलाखतीला गेला त्या दिवशी त्यांची बायको रुख्माबाई मायच्या देवळात किती तरी वेळ डोळे मिटून उभी होती. ओठ हलत होते, गालांवर पाणी होतं. नवस मनातल्या मनात बोलायचा असतो, विचारायचा नसतो. बाबनरावांनी बाहेर आल्यावर एवढंच विचारलं, "कोंबडा कबूल केला काय?" तिने मान हलवली. पुढच्याच महिन्यात केशवला बोलावणं आलं. बाबनरावांनी ही गोष्ट गल्लीभर इतक्यांदा सांगितली होती की ऐकणारे आता आधीच माना डोलवायचे.

मात्र कोंबडा काही आवारात टिकेना. बाबनरावांनी कुडाच्या बुडाशी दगड रचले. कुडावर बोराटीचे काटे लावले. कोंबड्याच्या एकाच पंखाची पिसं कापली, म्हणजे उडताना तोल जातो आणि गडी खाली येतो. वरून जुनं जाळं टाकलं. शेवटी दाराला सुताने विणकराची गाठ मारली. एवढं करून सकाळी दार उघडं. सूत तुटलेलं नव्हतं. गाठ सोडलेली होती.

ही गाठ कोष्ट्याशिवाय कोणाला सुटत नाही. बाबनरावांनी पलीकडे नत्थूजीच्या घराकडे पाहिलं आणि त्यांचं डोकं तापलं.

"त्याचंच काम आहे," ते बायकोला म्हणाले. "त्याचा पोरगा मागावरच रायला ना. जळून राहिला तो."

"उगाच कोणाचं नाव घेऊ नका जी," रुख्माबाई चुलीतली लाकडं सारत म्हणाली.

"मंग आजच फेडून टाकू नवस."

"चंद्रकला कुहीवरून येऊ द्या. लेकीशिवाय कसा फेडाचा?"

चंद्रकला आली. मग रुख्माबाई म्हणाली, एकादशी आहे. एकादशी गेली, तर म्हणाली, केशव तिकडे रुळू द्या, मग बघू.

"काहून वं, मायले ताटकळत ठेवतं काय?" बाबनराव चिडले. "पोरगं कामावर चढाच्या आत मान द्या लागते."

ती पाठ फिरवून भांडी घासायला बसली. बाबनरावांना तिची कीवच आली. मुलगा घर सोडून चालला, आईचं कशात लक्ष लागणार?

सोमवारी संध्याकाळी त्यांनी कोंबडा घरातच आणला, टोपल्याखाली झाकला आणि वर पाटा ठेवला. मंगळवारी सकाळी पाटा तिथेच होता. रुख्माबाई चार वेळा त्या टोपल्याजवळून गेली, पण बाबनराव काही तिथून उठले नाहीत. केशवने पाया पडून वळकटी उचलली.

"तुम्हीही चला ना जी मोटरस्टँडवर," रुख्माबाई म्हणाली.

"तू जा. माझ्यानं पोराले जाताना पाहवत नाही."

तेही खोटं नव्हतं. पण ती दोघं वळणावरून दिसेनाशी झाली तसा त्यांनी पाटा उचलला आणि नत्थूजीला हाक मारली. मायच्या कामात वैर चालत नाही. नत्थूजी निमूट सुरी घेऊन आला. देवळात बाबनरावांनी कुंकू लावलं, कोंबड्याच्या डोक्यावर पाणी सोडलं. त्याने अंग झाडलं, म्हणजे मायने कबूल केला. पुढचं काम नत्थूजीने एका घावात केलं. परतताना दोघं बोलत आले, कित्येक दिवसांनी.

रुख्माबाई आली ती हसतच. या महिन्यात ती पहिल्यांदाच अशी मोकळी दिसत होती.

"खिडकीजवळ जागा भेटली त्याले," पदराने घाम पुसत ती म्हणाली. "गेली गाडी. घंट्याभरात पोचते म्हणे." मग तिचं लक्ष चुलीवरच्या पातेल्याकडे गेलं. "हे काय जी?"

"तुझा नवस फेडून आलो," बाबनराव समाधानाने म्हणाले. "पाणी सोडताच अंग झाडलं त्यानं. माय खूश आहे."

रुख्माबाई दाराला धरून खाली बसली. बाबनराव घाबरून पाणी घेऊन आले, तेव्हा तिने त्यांचं मनगट घट्ट धरलं.

"गाडी थांबवा जी," ती म्हणाली. "मायनं कोंबडा घेतला. अन् मी तिले मागतलं होतं, माझ्या केशवचं पाऊल त्या पावरहाऊसात पडू नये."