आधी खात्री

टेंभुर्णीच्या कचरूचं पत्र महिनाभर माझ्या टेबलावर उत्तराविना पडून होतं. "मला बीपी आहे, पण छातीत काहीच दुखत न्हाई. तरी डॉक्टर म्हणतो, हृदय तपासून घे. तू लई बुकं वाचतो, तूच सांग, जाऊ का?"

मी दोन पुस्तकं वाचली, तीन उत्तरं लिहून फाडली. माझा सल्ला चुकला तर?

शेवटी बायको वैतागली. "अवो, बीपी तर तुमालाबी हाये. मंग आधी सोता तपासून या, अन् बराबर लिहा की!"

तेवढ्यासाठी मी जालन्याला गेलो.

काल बायकोच्या हातून उत्तर पोस्टात पडलं.

"कचरू, दुखत मलाही काही नव्हतं. जल्दी तपासून घे. पुढचं पत्र जालन्याच्या दवाखान्यात पाठव, खाट क्रमांक सात."