सदक्याची शेळी

शेळीनं तिसरी साडी खाल्ली तशी सारजाबाईनं नवऱ्याला बजावलं, "या घरात एक तर ही ऱ्हाईल, न्हाईतर मी."

गेनबानं मुकाट्यानं शेळी वेल्ह्याच्या बाजारात नेली. तिथं दिलावरभाई सदक्यासाठी, म्हणजे एखाद्या गरजूला दान द्यायला, दुभती शेळी शोधत होते. गेनबानं डोळे पुसत सांगितलं, "घरात दाणा न्हाई भाई, म्हून इकतोय. न्हाईतर पोरीसारखी जपलीय." दिलावरभाईंनी घासाघीससुद्धा केली नाही. गेनबा बायकोला नवी साडी घेऊन शीळ घालत घरी आला.



संध्याकाळी दिलावरभाई शेळीसकट दारात हजर. "गेनबा, सगळीकडं हिंडलो, पण तुमच्याएवढा गरजू कुठं घावला न्हाई. घ्या, तुमची पोर तुमालाच."