पाच मिनिटांत बाथरूम चकाचक

'ॲसिडात ब्लीच ओता, घासायचे कष्ट वाचवा!' हा व्हिडिओ सकाळी मीच आईला गारगोटीला पाठवला होता. दुपारी शाहूपुरीच्या ऑफिसात मैत्रिणीला दाखवला, तर ती ओरडलीच, "अगं, यातनं विषारी गॅस निघतो! माणूस मरतंय!"

मी लगेच आईला फोन लावला. तिसऱ्यांदा लावल्यावर आईनं फोन उचलला.

"आई, ते ॲसिडचं करू नकोस!"

"मी कशाला करतोय? माझं गुडघं कुठं वाकत्यात? भांडीवाल्या तानाबाईला लावलंय की."

माझा जीव भांड्यात पडला.



"वास लई सुटला, म्हणून दार लावून घे म्हणलं तिला. मघाधरनं हाक मारतोय, तर ओ देईना झालीया."