नवं रबर

मुलाच्या, मुकुंदच्या लग्नावरून वैजनाथराव आणि कालिंदीबाई या नवरा-बायकोचं बोलणं तुटलं, ते पुन्हा जुळलंच नाही. तरी रोज सकाळी एक शब्द व्हायचा. त्यांच्याकडं इटलीचं जुनं कॉफीचं भांडं होतं. खाली पाणी, वर कॉफी, आणि दोन्ही भाग आट्यांवर फिरवून घट्ट बसवायचे. ते आटे इतके जाम झाले होते की बाईंच्यानं उघडायचे नाहीत. मग त्या भांडं नवऱ्यापुढं ठेवायच्या. ते फडक्यात धरून पिळायचे आणि म्हणायचे, "घे."

हल्ली पिळताना ते ओठ दाबायचे. मनगट दुखतंय हे दिसत होतं, पण विचारायचं कसं? बाई भांडं घेऊन क्रांती चौकातल्या कुकर दुरुस्तीवाल्याकडं गेल्या. त्यानं आटे घासले, कडक झालेलं रबर काढून नवं बसवलं.

"घ्या मावशी. आता एका हातानं उघडंल."

दुसऱ्या दिवशी खरंच उघडलं. बाई कॉफी घेऊन बाहेर आल्या, तर वैजनाथराव फडकं घेऊन बसलेले. त्यांनी कपाकडं पाहिलं आणि फडक्याची घडी घातली.

पुढच्या सकाळी बाईंनी होता नव्हता तेवढा जोर लावून रिकामं भांडं आवळलं आणि त्यांच्यापुढं नेऊन ठेवलं. त्यांनी हात लावला नाही.

"दुरुस्त करून आणलंस ना? मग उघडंल की तुझं तुला."

कितीतरी वर्षांत ते पहिल्यांदाच बाईंशी एवढं बोलले.