खांद्यापुरती माणसं

"आय गेली," हितेश म्हणाला, आणि अख्ख्या वर्गानं टाळ्या वाजवल्या.

रविवारच्या या वर्गात आयत्या वेळी नाटक रचायचं असे. समोरचा म्हणेल ते खरं मानायचं आणि पुढं न्यायचं. पाच आठवडे हितेशच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. वाडीत आठ वर्षं त्याच्याशी कुणी बोललंच नव्हतं, मग सवय कुठून राहणार? देवळाच्या जागेवरून त्याची आई गावकीविरुद्ध कोर्टात गेली आणि घर वाळीत पडलं. अंथरुणाला खिळल्यावर तिनं एकच धोशा लावला होता, "माज्या खांद्यापुरती तरी मानसं जोड रे." रत्नागिरीच्या स्टँडवर त्याला पाटी दिसली, 'बोलायला शिका, मित्र जोडा'. तो आला. समर्थ, हर्षद, बाळा. आपल्याखेरीज पुरुष बरोब्बर तीन, हे त्यानं पहिल्याच दिवशी पाहून ठेवलं.

आज पहाटे ती गेली. या तिघांना फोनवर सांगायला जीभ वळेना. बायकोला तिच्याजवळ बसवून तो मोटारसायकलनं थेट इथं आला होता.

"खांद्याला तीन मानसं हवी हायत. येशाल?"

"येणार म्हणजे काय!" समर्थ पुढं झाला. हर्षदनं डोळे पुसले. बाळानं हवेतच तिरडी उचलली. तिघेही झकास रडले.

"वा हितेश, आज खुललात!" शिकवणाऱ्या वेदिकाताई म्हणाल्या.

"खेळ न्हाय ओ ह्यो. खरंच गेली." तो मटकन खाली बसला.

मग समर्थला लोटे एमआयडीसीतल्या कंपनीतली दुपारची पाळी आठवली. हर्षदची बायको गरोदर होती, त्याला प्रेताला खांदा देऊन चालणार नव्हतं. बाळा फोन कानाला लावून बाहेर गेला तो गेलाच. हितेशला राग नाही आला. आईपुढं आता कुठल्या तोंडानं जायचं, एवढंच त्याच्या मनात आलं आणि त्याला रडू फुटलं.

मृणालीनं ओढणी कमरेला बांधली. वर्गातली सगळ्यात लहान पोर ती. तिच्यामागून सगुणा उठली, मग वेदिकाताई.

"चला, आम्ही तिघी आहोत," वेदिकाताई म्हणाल्या.

"बायकांचा खांदा?" हितेश चाचरला. "गावाला चालायचं न्हाय."

"दादा," मृणाली म्हणाली, "गाव येतंय कुठं?"